ग्रामपंचायतीचे दप्तर कसे मागावे : कागद ओळखण्यापासून दुसऱ्या अपिलापर्यंत

ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा, महिनाभर वाट पाहावी आणि शेवटी ‘माहिती निरंक’ अशा एका ओळीचे उत्तर हाती यावे, हा अनुभव गावोगावी येतो. त्यातल्या काही उत्तरांमागे टाळाटाळ असते, हे खरेच आहे. परंतु पुष्कळ अर्ज मुळातच असे लिहिलेले असतात की, प्रामाणिक अधिकाऱ्यालाही त्यावरून नेमका कागद काढून देता येऊ नये. कोणता कागद हवा, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या काळाचा आहे, या तीन गोष्टी अर्जाला हात लावण्यापूर्वी ठरल्या पाहिजेत. म्हणूनच या लेखातील जवळजवळ निम्मे टप्पे अर्ज लिहिण्याच्या आधीचे आहेत, आणि ते गाळून थेट अर्जाकडे वळू नये. हे मार्गदर्शन महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींपुरते आहे. नगरपालिका-महानगरपालिकांतही क्रम हाच राहतो. तेथे फक्त प्रत्येक विभागाचा जनमाहिती अधिकारी, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, वेगळा असतो.

टप्पा १ : मागणी कोणत्या वाटेची आहे ते ठरवा

जन्म-मृत्यूच्या नोंदीचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला किंवा स्वतःच्या घराचा नमुना ८ चा उतारा यांसाठी माहिती अधिकार वापरू नये. या अधिसूचित लोकसेवा आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर, सेवा केंद्रात किंवा थेट ग्रामपंचायतीत त्यांचा अर्ज करता येतो, आणि त्यांची ठरलेली मुदत माहिती अधिकाराच्या ३० दिवसांपेक्षा बरीच कमी असते.

‘रस्ता निकृष्ट झाला आहे, चौकशी करावी’ ही माहितीची मागणी नसून तक्रार आहे. ती गटविकास अधिकाऱ्यांकडे स्वतंत्रपणे द्यावी. त्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, याची कागदपत्रे मात्र नंतर माहिती अधिकारात मागता येतात.

कार्यालयाने घेतलेले निर्णय, केलेला खर्च आणि ठेवलेल्या नोंदी यांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हीच योग्य वाट आहे.

टप्पा २ : कागदाचे नाव शोधा

सर्वाधिक अर्ज फसतात ते येथे. कायद्याने मिळते ती कार्यालयात अस्तित्वात असलेली माहिती. अधिकाऱ्याचे मत, त्याचा खुलासा किंवा अर्जदारासाठी नव्याने तयार केलेला तक्ता मागण्याचा हक्क या कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘इतका खर्च का झाला?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या ठरावाची प्रत मात्र मिळते आणि ‘का’चे उत्तर बहुतेक वेळा त्या ठरावातच असते.

ग्रामपंचायतीचे हिशेब महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ प्रमाणे क्रमांक दिलेल्या ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. सर्व नमुने पाठ असण्याची गरज नाही. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही, एवढे ठाऊक असले तरी बऱ्याच मागण्या नेमक्या शब्दांत मांडता येतात. यांखेरीज ग्रामसभेच्या व मासिक सभेच्या इतिवृत्तांच्या वह्या असतात; खर्चाची देयके व प्रमाणके (व्हाउचर) असतात; बँकेची पासबुके असतात आणि लेखापरीक्षण अहवालही असतात.

एखाद्या कामाचे कागद मागायचे असतील, तर ते काम कोणत्या कागदांतून पुढे सरकले हे डोळ्यांसमोर आणावे. वस्तीतील काँक्रीट रस्त्याचे उदाहरण घेऊ. आधी ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव होतो. मग काम विकास आराखड्यात येते. अभियंता अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते. दरपत्रके किंवा निविदा मागवल्या जातात. कार्यारंभ आदेश निघतो. काम चालू असताना व झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत मापे लिहिली जातात. त्यावरून देयक तयार होते. रक्कम अदा झाल्याची नोंद रोकडवहीत येते आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला जातो. मोजमाप पुस्तिकेतील लांबी, रुंदी व जाडी ही प्रत्यक्ष रस्त्याशी ताडून पाहता येते. म्हणून साऱ्या फायलीतून एकच कागद मागायची वेळ आली, तर तो मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने हाच असावा.

तपासा : तुमच्या मागणीतील प्रत्येक ओळीत ‘प्रत’, ‘नोंदवही’, ‘ठराव’, ‘आदेश’, ‘देयक’ यांपैकी एखादा शब्द येतो का? ज्या ओळीत ‘का’, ‘कसे’ किंवा ‘खुलासा करावा’ आले असेल, ती ओळ पुन्हा लिहावी.

टप्पा ३ : कागद कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा

गावाशी संबंधित सगळे कागद ग्रामपंचायतीत असतात, हा समज चुकीचा आहे. सातबारा उतारा, फेरफार नोंदी आणि गाव नमुने हे महसूल विभागाचे अभिलेख आहेत. ते ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, आणि तहसील कार्यालयात असतात. मोजणीचे नकाशे व मिळकत पत्रिका उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे असतात. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही केवळ कर आकारणीची नोंद आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, त्यामुळे जागेच्या मालकीचा वाद असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करून फारसे हाती लागत नाही.

बांधकामाच्या कागदांत घोटाळा अधिक होतो. ठराव, देयक व रोकडवही ग्रामपंचायतीत असते; परंतु तांत्रिक मान्यता आणि मोजमाप पुस्तिका अनेकदा पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते. शिवाय काम ग्रामपंचायतीने केले की जिल्हा परिषदेने, यावर सगळी फाइल कोठे आहे हे ठरते. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर योजनेचे व अंमलबजावणी यंत्रणेचे नाव असते, ते आधी पाहावे.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर माहितीचा अधिकार अधिनियमाच्या (या लेखातील पुढची सर्व कलमे याच कायद्याची) कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करणे बंधनकारक आहे. पण त्या तरतुदीवर विसंबून राहू नये. ताबा निश्चित कळत नसेल, तर दोन्ही कार्यालयांत दोन स्वतंत्र अर्ज करणे सोयीचे पडते. दहा रुपये जास्त जातात, पण महिना वाचतो.

टप्पा ४ : जे उघड आहे ते आधी वाचून काढा

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च पाहता येतो. ऑडिट ऑनलाइन या संकेतस्थळावर लेखापरीक्षण अहवाल शोधता येतात. येथे मिळालेले आकडे पुरेसे वाटले तरी थांबू नये, कारण संकेतस्थळावरील नोंद आणि दप्तरातील सही असलेला कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पाहणीचा खरा उपयोग असा की, कामाचे नोंदवलेले नाव, आर्थिक वर्ष, योजना आणि रक्कम जशीच्या तशी हाती येते. लोक ज्या कामाला ‘शाळेमागचा रस्ता’ म्हणतात, ते नोंदीत एखाद्याच्या घरापासून दुसऱ्याच्या घरापर्यंतचे काँक्रिटीकरण असे लिहिलेले असते. अर्जात नोंदीतले नाव वापरले की ‘असे काम झालेले नाही’ हे उत्तर देण्याला जागा राहत नाही.

कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. कार्यालयाकडे असलेल्या दस्तऐवजांच्या प्रकारांचे विवरण, अंदाजपत्रक, अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आणि जनमाहिती अधिकाऱ्याचे नाव व पदनाम या सर्व गोष्टी त्यात येतात. ही संचिका कार्यालयात पाहायला मागावी. दस्तऐवजांचे विवरण नीट ठेवलेले असेल, तर टप्पा २ मधील निम्मे काम तेथेच होऊन जाते.

आणखी एक नोंद घ्यावी. शासकीय अभिलेखांचे जतन वर्गवारीप्रमाणे होते : ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क’ वर्ग १० वर्षे, ‘क-१’ वर्ग ५ वर्षे आणि ‘ड’ वर्ग १ वर्ष. जुना कागद मागताना त्याचा वर्ग विचारावा. तो नष्ट केला असल्याचे सांगितले गेले, तर नष्ट केल्याच्या नोंदीची आणि त्या आदेशाची प्रत मागावी.

टप्पा ५ : अर्ज लिहा

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात करायचा असतो. त्यात अर्जदाराचे पूर्ण नाव, पत्ता, माहितीचा विषय, माहितीचा कालावधी, हव्या असलेल्या माहितीचे वर्णन, माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे का, एवढेच विचारलेले असते. अर्ज स्वतःच्या नावाने करावा. संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावाने केला, तर ‘माहितीचा अधिकार फक्त नागरिकांना आहे’ या कारणावर तो अडकू शकतो. माहिती कशासाठी हवी हे लिहू नये. कलम ६(२) नुसार कारण विचारता येत नाही, आणि स्वतःहून लिहिलेल्या कारणातून केवळ वाद निघतात.

राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मागणी साधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावी. ही अट अनेकांना जाचक वाटते. पण मागणी नेमकी असेल तर १५० शब्द भरपूर होतात.

फसणारी मागणी अशी असते : ‘गेल्या दहा वर्षांत गावात झालेल्या सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी आणि भ्रष्टाचार का झाला याचा खुलासा करावा.’ यात नेमका विषय नाही, कागदाचे नाव नाही, काळ अवाढव्य आहे आणि शेवटी आरोप आहे.

तीच मागणी पुढीलप्रमाणे लिहिता येते.

विषय : (नोंदीतील कामाचे नाव) या रस्ता काँक्रिटीकरण कामाचे अभिलेख.
कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४.
वर्णन : वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. (१) कामास मंजुरी देणारा ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव. (२) तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेचे आदेश. (३) कार्यारंभ आदेश. (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने. (५) अदा केलेली देयके व प्रमाणके. (६) नमुना ५ सामान्य रोकडवहीतील या देयकांच्या नोंदी असलेली पाने. यांपैकी एखादा अभिलेख आपल्या कार्यालयात नसल्यास तो ज्या कार्यालयात आहे तेथे कलम ६(३) नुसार अर्जाचा तेवढा भाग वर्ग करावा.

शेवटचे वाक्य गाळू नये. त्यामुळे ‘आमच्याकडे उपलब्ध नाही’ एवढ्यावर विषय संपवता येत नाही.

कागद नेमके किती आणि कोणते आहेत हे कळतच नसेल, तर प्रतींऐवजी आधी पाहणी मागावी. कलम २(ञ) मध्ये अभिलेखांची पाहणी, टिपणे घेणे आणि प्रमाणित प्रती मिळवणे हे सर्व येते. गुंतागुंतीच्या प्रकरणात ‘फाइलची पाहणी करू द्यावी व पाहणीनंतर मी खूण केलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात’ ही मागणी सर्वांत फलदायी ठरते, असे माझे मत आहे. भल्यामोठ्या मागणीवर कलम ७(९) चा आधार घेऊन ‘यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्च होईल’ असे उत्तर येते, तेही यामुळे टळते. महानगरपालिका, जिल्हा परिषद व जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे शासनाने २०१८ मध्ये ठरवून दिलेले आहे. तेथे आधी ही सोय वापरून पाहावी.

सावधान : दुसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती मागताना कलम ८(१)(ञ) आडवे येते, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील बदलाने हा अपवाद अधिक व्यापक केला आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या नावाने मागणी करण्याऐवजी ग्रामपंचायतीचा निर्णय, मंजुरी किंवा खर्च यांच्या अंगाने मागणी करावी. सार्वजनिक हित मोठे असल्यास कलम ८(२) नुसार माहिती देता येते. ते हित नेमके कोणते, हे अपिलात मांडण्याची तयारी ठेवावी.

टप्पा ६ : अर्ज दाखल करा आणि पोच जपून ठेवा

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावणे हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. रोख भरल्यास पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, परंतु पुराव्याची प्रत जोडावी लागते. ग्रामपंचायतीत जनमाहिती अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी. जुन्या फलकांवर ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी असे लिहिलेले आढळेल. अर्ज पदनामाने लिहावा, व्यक्तीच्या नावाने नव्हे.

अर्ज प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक, सही आणि शिक्का घ्यावा. अधिकारी गावात दोन-तीन दिवसच येत असेल किंवा पोच देण्यास खळखळ होत असेल, तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवावा व पोहोचल्याचा तपशील छापून ठेवावा. पुढची प्रत्येक मुदत या एका तारखेवरून मोजली जाते.

सावधान : केंद्र शासनाच्या माहिती अधिकार संकेतस्थळावर राज्यातील कार्यालयांचे अर्ज करू नयेत, ते परत येतात आणि शुल्क मिळत नाही. राज्य शासनाचे संकेतस्थळ वेगळे आहे. त्याच्या यादीत तुमचे कार्यालय दिसत नसेल तर अर्ज कागदावरच द्यावा.

टप्पा ७ : शुल्काचे पत्र आल्यावर

जनमाहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा कारणांसह नाकारायची असते. त्याच काळात बहुधा प्रतींच्या शुल्काचे पत्र येते. दर ए-४ किंवा ए-३ पानाला दोन रुपये आहे, आणि टपालाने हवे असल्यास टपालखर्च वेगळा. पत्रात पानांची संख्या व हिशेब दिलेला असला पाहिजे. पत्र पाठवल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून पत्र घरी पडू देऊ नये. शुल्क लगेच भरावे आणि पावती अर्जाच्या प्रतीला जोडावी.

शुल्काची मागणीच ३० दिवस उलटल्यावर आली, तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते. तसे लेखी कळवावे.

तपासा : मिळालेल्या प्रत्येक पानावर सही, शिक्का आणि ‘माहिती अधिकारात दिलेली प्रमाणित प्रत’ अशी नोंद आहे का? मागणीतील अनुक्रमांक आणि मिळालेली पाने यांचा ताळा तेथल्या तेथे करावा. मोजमाप पुस्तिकेची मागची बाजू, देयकाचे जोडपत्र, ठरावावरील सह्यांचे पान ही पाने हटकून राहून जातात.

टप्पा ८ : प्रथम अपील

उत्तर आले नाही, अपुरे आले किंवा नकार आला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. नवा अर्ज करत बसू नये. त्यात आधीची मुदत निघून जाते. समजा अर्ज ३ जूनला कार्यालयात पोहोचला. उत्तराची मुदत ३ जुलैला संपते आणि काहीच उत्तर न आल्यास प्रथम अपिलाची मुदत २ ऑगस्टला संपते. या दोन्ही तारखा अर्ज दिल्याच्या दिवशीच पोचेच्या प्रतीवर लिहून ठेवाव्यात.

अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह द्यायचे असते. ग्रामपंचायतीच्या बाबतीत प्रथम अपिलीय अधिकारी पंचायत समितीत असतो. पदनाम नकारपत्रात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर असते. नकारपत्रात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणे कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. तो दिलेला नसेल तर हाही अपिलाचा एक मुद्दा होतो.

अपिलात संताप लिहू नये. मागणीचा अनुक्रमांक, त्यावर आलेले उत्तर आणि त्या उत्तरातील उणीव, एवढे मुद्देवार मांडावे. नवी माहिती अपिलात मागता येत नाही. ‘फाइल सापडत नाही’ हे कायद्यात सांगितलेले नाकारण्याचे कारण नाही. त्यावर शोध घेतल्याचा लेखी अहवाल आणि अभिलेख हरवल्याबद्दल महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार कार्यवाही मागावी. फाइलचा काही भाग देता येत नसेल, तर तेवढा वगळून उरलेला भाग कलम १० नुसार द्यावा, अशी मागणी करावी. सुनावणीला स्वतः जावे आणि लेखी म्हणणे देऊन त्याचीही पोच घ्यावी. निर्णय ३० दिवसांत, व कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायचा असतो.

टप्पा ९ : दुसरे अपील

प्रथम अपिलाचा निर्णय प्रतिकूल लागला, किंवा मुदतीत लागलाच नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे जोडपत्र ‘क’ मध्ये दुसरे अपील करावे. शुल्क २० रुपये. मूळ अर्ज, पोच, आलेली पत्रे, प्रथम अपील, त्याची पोच आणि निर्णय हे सर्व तारखेच्या क्रमाने, पाने क्रमांकित करून जोडावेत. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात आणि सुनावणीला वेळ लागतो, म्हणून कागदात त्रुटी निघून अपील परत येणे परवडत नाही.

कलम १८ खालील तक्रार आणि कलम १९ खालील अपील यांत गल्लत करू नये. तक्रारीवर आयोग दंडाचा विचार करू शकतो. परंतु माहिती देण्याचा आदेश तक्रारीत मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूर राज्याच्या प्रकरणात ठरवले आहे. कागद हवा असेल तर अपीलच करावे, आणि विलंबाबद्दल कलम २० नुसार दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंतची शास्ती लावण्याची विनंती त्याच अपिलात शेवटी करावी. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला शास्ती लावण्याचा अधिकार नाही, म्हणून ती मागणी टप्पा ८ मध्ये करून उपयोग नसतो.